रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील

परदेशच्या दरबारीं आपल्या धन्याची बाजू मांडणें हें काम मोठें अवघड आहे. सेनापतीच्या पाठीशीं फौज असते, व्यापाऱ्याच्या पाठीशीं थैली असते. वकिलापाशीं जीभ, डोळे आणि धीर यांवांचून दुसरें साधन नसतें. ज्याचें मीठ खावयाचें त्याच्याशींच त्याला घासाघीस करावी लागते. आज ज्याला राजदूत म्हणतात त्याला मराठेशाहींत वकील म्हणत. अशा एका परकी वकिलाचा प्रवास चौलच्या खाडींतून रायगडाच्या माथ्यापर्यंत झाला. त्याचें नांव हेन्री ऑक्झेंडन, आणि साल १६७४.

त्याला धाडणारा जेरॉल्ड अंजियर हा त्या वेळीं मुंबईचा गव्हर्नर होता. अंजियरचें घराणें आयर्लंडांत नांदलेलें. डब्लिन शहरांतील एक रस्ता अद्यापि त्या घराण्याचें नांव धारण करून आहे. मुंबई बेट कंपनीच्या हातीं १६६८ सालीं आलें होतें. त्या बेटाला धान्य आणि जळाऊ लांकूड समोरच्या मुलखांतून आणावें लागे, आणि तो मुलूख बव्हंशीं शिवाजी महाराजांच्या अमलाखालीं. शिवाय एक जुनें दुखणें होतें. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापूरच्या वखारींतील इंग्रजांनीं गडावर तोफा डागण्यास मदत केली. त्याचें प्रायश्चित्त म्हणून पुढच्याच वर्षीं महाराजांनीं ती वखार लुटून तेथील इंग्रजांस कैदेंत टाकलें. त्या नुकसानीची भरपाई मागण्यासाठीं १६७२ सालीं उस्टिक आणि १६७३ सालीं निकल्स असे दोन वकील येऊन गेले. परंतु पदरांत कांहीं पडलें नाहीं. तिसरा प्रयत्न राज्याभिषेकाचा मुहूर्त साधून करावयाचें अंजियरनें ठरविलें.

मे महिन्याच्या मध्यास ऑक्झेंडन दोन इंग्रज सोबती घेऊन मुंबईहून गलबतानें निघाला. कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी हा त्याचा मोठा आधार होता. रात्रीं ते चौलास पोंचले, तों पोर्तुगीजांच्या कोटाचे दरवाजे बंद झालेले. वकिलास बाहेरच रात्र काढावी लागली. तेथून कुंडलिकेच्या पात्रानें रोह्यासमोरील अष्टमीपर्यंत, आणि पुढें निजामपुरावरून खुष्कीनें मंडळी पाचाडास आली. महाराज त्या वेळीं प्रतापगडीं भवानीच्या दर्शनास गेलेले होते. निरोप येईपर्यंत थांबणें हा वकिलीचा पहिला धडा ऑक्झेंडनला गडाच्या पायथ्याशींच मिळाला.

त्याची गांठ प्रथम निराजीपंतांशीं पडली. निराजी रावजी म्हणजे अष्टप्रधानांतील न्यायाधीश, शांत आणि मुरलेला गृहस्थ. जंजिऱ्याच्या सिद्दीशीं महाराजांनीं सलोखा करावा, म्हणजे समुद्रावरचा व्यापार निर्वेध चालेल, असा विषय वकिलानें काढला. निराजीपंतांनीं तो तेथेंच मिटविला. सिद्दीची गोष्ट महाराजांपुढें काढून उपयोग होणार नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. परक्या दरबारांत कोणती गोष्ट बोलावी यापेक्षां कोणती बोलूं नये हें सांगणारा माणूस भेटणें, हें वकिलाचें भाग्यच म्हणावयाचें.

गडावरील दिवसांचें टिपण ऑक्झेंडननें ठेविलें, आणि मराठी माणसाला आज त्याचें मोल फार आहे. महाराजांची सुवर्णतुला झाली, तेव्हां सुमारें १६,००० होन पारड्यांत पडले, असें त्यानें नमूद केलें आहे. ६ जून १६७४ रोजीं दरबार भरला. सिंहासनावर महाराज, त्याखालीं युवराज संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण. बाकीचे सरदार अदबीनें उभे. वकिलानें दुरूनच मुजरा केला. नारायण शेणव्यानें नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हां महाराजांची दृष्टि तिकडे गेली आणि त्यांनीं इंग्रजांस सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलावून वस्त्रें दिलीं. सिंहासनाच्या दोहों बाजूंस भाल्यांवर लावलेलीं राजचिन्हें त्याच्या नजरेंतून सुटलीं नाहींत: सोन्याचीं मोठीं मत्स्यमुखें, अश्वपुच्छें, आणि एका भाल्याच्या टोंकावर समतोल असलेला सोन्याचा तराजू. तो न्यायाचें चिन्ह आहे, हें त्यानें बरोबर ओळखलें. द्वारापाशीं उभे असलेले हत्ती पाहून मात्र त्याची मति गुंग झाली. एवढीं जनावरें त्या बिकट वाटेनें वर चढलीं कशीं, हें कोडें त्याला उलगडलें नाहीं.

डॉक्टर जॉन फ्रायर याचें प्रवासवर्णन १६९८ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत या वकिलातीची एक गमतीची हकीकत आहे. गडावर मांसाचा खप अगदींच थोडा. इंग्रजांना मात्र तें रोज लागे. तेव्हां हें एवढें मांस खाणारे लोक आहेत तरी कसे, हें पाहण्यासाठीं त्यांना मांस पुरविणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून आला!

थट्टेचा भाग सोडला, तर खरी कसोटी कलमांची होती. इंग्रजांना मराठी मुलखांत वखारी घालण्याची आणि व्यापाराची मोकळीक मिळाली. जकात शेंकडा अडीच ठरली. राजापूरच्या भरपाईपोटीं १०,००० होन कबूल झाले, परंतु रोख नव्हे, तर माल आणि जकातीची सूट या रूपानें. दोन मागण्यांवर मात्र दरबार अडला. इंग्रजांचें नाणें आपल्या राज्यांत चालवावें, यावर उत्तर मिळालें कीं, कोणतेंही नाणें चालण्यास आडकाठी नाहीं, पण ज्यांत रयतेचें नुकसान होईल तें घेण्याची सक्ति तिच्यावर करतां येणार नाहीं. नाणें वजनानें व कसानें चोख असेल तर तें आपोआप चालेल. फुटलेल्या जहाजांचा माल परत द्यावा ही दुसरी मागणी. ती कोंकणच्या रिवाजाविरुद्ध पडते, आणि इंग्रजांना दिली तर फरांसिस व वलंदेजही तेंच मागतील, म्हणून ती नाकारली गेली. या दोन उत्तरांतच नव्या राज्याची ओळख पटते. एकांत रयतेच्या पैशाची काळजी आहे, दुसऱ्यांत सर्व टोपीकरांना एकाच मापानें मोजण्याची सावधगिरी.

१२ जून रोजीं तहावर मोहोर उठली आणि वकील मुंबईस परतला. १६७७ सालीं अंजियर वारल्यानंतर ऑक्झेंडन मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर झाला. तहाचें काय झालें? भरपाईचा तगादा पुढें कित्येक वर्षें चालूच राहिला. १६७९ सालीं महाराजांनीं थळसमोरचें खांदेरी बेट बांधावयास घेतलें, तेव्हां हेच इंग्रज सिद्दीच्या आरमाराला मिळून मराठ्यांशीं लढले, आणि बेट न घेतांच त्यांना १६८० सालीं समेट करावा लागला. जो सिद्दीचा प्रश्न निराजीपंतांनीं बाजूस सारला होता, तोच पांच वर्षांनीं तोफांच्या तोंडून बोलला.

म्हणून ऑक्झेंडनची वकिली फुकट गेली असें मात्र म्हणतां येणार नाहीं. जेथें आधीं लूट आणि कैद होती, तेथें त्यानें कलमें आणि मोहोर आणली. तह मोडतात, परंतु एकदां समोरासमोर बसून बोललेलीं माणसें पुन्हां बोलण्यास बसूं शकतात. खांदेरीनंतरचा समेट त्याच वाटेनें झाला. आणि त्याच्या धन्यांचा हिशेब केव्हांच मिटला असला, तरी त्यानें टिपून ठेविलेला तो भाल्यावरचा सोन्याचा तराजू मराठी वाचकाच्या दृष्टीपुढें अजून तसाच समतोल उभा आहे.