पोच



पेंचेच्या काठी वाढलेला मुलगा नौदलात बिनतारी संदेशांच्या कामावर रुजू झाला, याचे पारशिवनीच्या बाजारात त्या काळी मोठे नवल वाटले होते. पण त्या नोकरीने पहिल्याच दिवशी शिकविलेली गोष्ट मी आजही विसरलेलो नाही, ती ही की, संदेश धाडला म्हणजे पोहोचला असे नव्हे, पलीकडून पोच आली तरच तो पोहोचला.

संदेशाचे मोल सांगणारी एक गोष्ट ऐका. 1971 साली पूर्व पाकिस्तानात स्वातंत्र्याचा वणवा पेटला, तेव्हा आपल्या नौदलाने पलाशीजवळ भागीरथीच्या पात्रात बंगाली तरुणांना पोहण्याचे व सुरुंग लावण्याचे शिक्षण दिले. फ्रान्समधील तुलाँ बंदरात पाकिस्तानी पाणबुडी सोडून आलेले आठ नाविकही त्यांना येऊन मिळाले. आणि 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज या बंदरांतील जहाजांवर त्यांनी घाला घातला. इशारा होता आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरील दोन गाण्यांचा : पहिले ऐकून सज्ज व्हायचे, दुसरे ऐकून पाण्यात उतरायचे. गाणी साऱ्या बंगालने ऐकली, अर्थ मूठभरांना कळला. या गुप्त मोहिमेची सूत्रे हाती असलेले कमांडर मोहन नारायणराव सामंत आपल्यातलेच, महावीरचक्राचे मानकरी. तरी त्यांचे नाव आपल्या मुलांच्या कानी क्वचितच पडते, ही माझी जुनी तक्रार आहे.

दुसरी तक्रार माझी स्वतःची. एका रात्री आलेल्या संदेशातला एक आकडा मला संशयास्पद वाटला, म्हणून मी तो तीनदा फिरून मागविला. तिसऱ्या खेपेला आकडा खरोखरच निराळा निघाला, परंतु माझ्या वरिष्ठांनी सेवापुस्तकात ‘विलंब’ एवढाच शेरा मारला. तो शेरा तसाच आहे, आणि तशी वेळ आली तर मी चौथ्यांदाही विचारीन.

कारण 1971च्याच डिसेंबरात सामंत ‘पनवेल’ या नौदलाच्या नौकेसह बंगाली लढवय्यांच्या मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या नौका घेऊन मोंगला बंदरात शिरले, आणि 10 तारखेला खुलन्याकडे निघाले असता आपल्याच विमानांनी त्या नौका शत्रूच्या समजून ‘पद्मा’ व ‘पलाश’ यांवर मारा केला. मुलांनो, उद्या कचेरीत, शेतात, इस्पितळात, जिथे म्हणून तुम्ही काम कराल तिथे, समोरचा कोण आहे याची खातरजमा झाल्यावाचून हात उचलू नका आणि पोच आल्यावाचून जागा सोडू नका. विलंबाचा शेरा बसला तर बसू द्या, पण विचारा.

‘पनवेल’ वाचली, वाचलेल्यांना पाण्यातून वर घेऊन ती पुन्हा लढली. ‘पलाश’च्या यंत्रखोलीत मोहम्मद रुहुल अमीन जळती नौका वाचविण्यासाठी अखेरपर्यंत झटले, घायाळ अवस्थेत ते काठाला लागले, तेव्हा तिथे पाकिस्तानी सैन्याचे साथीदार रझाकार होते. बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ म्हटले. रूपसा नदीच्या काठी त्यांची कबर आहे.