सावित्री समुद्राला मिळते तिथे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी सातवीपर्यंत शिकलेली, घर आणि शेत सांभाळणारी बाई. विद्वत्तेचे बोलणे मला जमायचे नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणी हरिहरेश्वराला जाऊन आल्या आहेत. देवदर्शन झाले, समुद्र पाहिला. त्या देवाभोवती जी सृष्टी आहे, तिच्याविषयी आज बोलते. कारण तिचा आपल्या वरंधशी संबंध आहे.

तो संबंध पाण्याचा. घाटाच्या आपल्या बाजूला पडलेला पाऊस ओढ्यांनी उतरून शेवटी सावित्रीला मिळतो. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूर-महाडवरून जाते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. महाडजवळ याच नदीत मगरी राहतात. खाली खाडीच्या चिखलात तिवर आणि चिपीची झाडे आहेत. त्यांच्या मुळांच्या आडोशाने कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. आपल्या ताटातली मासळी तिथे बाळसे धरते.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी काळ्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली आहे. भरतीच्या वेळी मात्र त्या वाटेने मुळीच जाऊ नये. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे लांब उत्तरेकडून त्या किनाऱ्यावर उतरतात. पलीकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आडव्या केल्या. नारळाला फळ धरायला किती वर्षे लागतात, हे वाडीवालीलाच विचारावे.

आता कासवाची गोष्ट. हिवाळ्यात समुद्री कासवाची मादी रात्री वाळूवर येते, हातभर खोल खड्डा उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळूने झाकते आणि समुद्रात परत जाते. पुढे सुमारे पन्नास-पंचावन्न दिवस वाळूच आई होते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर अधिक. पिल्ले बाहेर पडली की पाण्यावरच्या उजेडाकडे धावतात. हजारांतले एखादेच मोठे होते, असे जाणकार सांगतात.

ही अंडी पूर्वी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्री-कोल्ही खात. खाडीपलीकडे बाणकोटजवळच्या वेळास गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ही अंडी राखण्याचे काम सुरू केले. कायदा आधीपासून होताच. पण गावाने मनावर घेतले तेव्हा फरक पडला. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. ते पाहायला लांबून माणसे येतात, गावातल्याच घरी उतरतात. घरच्या बाईच्या हातचे जेवण जेवतात आणि तिला चार पैसे मिळतात. जीव राखून घर चालते, हे त्या बायकांनी दाखवले.

भगिनींनो, आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून आपले काम नाही असे समजू नका. आपण ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पहिल्या पावसात निघते आणि सावित्रीच्या वाटेने खाडीला जाते. कासवाला ती खाण्याची वस्तू वाटते. गिळली की पोटात अडकते आणि ते मरते. वेळासची बाई अंडी राखणार आणि वरून आपण पिशव्या पाठवणार, हे शोभत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे न लुटता, जुन्या लुगड्यांच्या आपण शिवलेल्या पिशव्या लुटाव्यात. ओढ्याकाठी कचरा टाकणे आपापल्या आळीत बंद करावे. शेजारणीला गोडीने सांगावे. आणि मंडळाची सहल समुद्रावर गेली, तर नेलेले सारे परत आणावे आणि रात्री वाळूवर बॅटऱ्या पाजळू नयेत, कारण उजेडाने मादी बुजते.

कामे लहान आहेत, पण नदी आपल्यापासून सुरू होते.