वॉर्डातल्या मास्तरीणबाई

आपल्याकडे नर्सिंगमध्ये एक उफराटा प्रकार चालतो. एखादी मुलगी बारावीनंतर ४ वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करते, वर्षभर तरी वॉर्डात काम करते आणि मग २ वर्षांचं एम.एस्सी. करते. बालआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य किंवा मेडिकल-सर्जिकल, यांपैकी एका शाखेत तिचा हात बसतो. आणि हात बसला, की ती रुग्णापासून लांब जाते. कारण रुग्णालयात त्या पदवीला साजेशी जागा क्वचितच असते, कॉलेजात मात्र असते. तिथे रात्रपाळी नाही, रविवार घरी. तिला कोण दोष देईल? पण दहा वर्षांनी ती जो व्हेंटिलेटर शिकवत असते, तो आयसीयूतून केव्हाच भंगारात गेलेला असतो. मुली वॉर्डातून परत येऊन सांगतात, "मॅडम, तिथे असं कुणी करत नाही."

वॉर्डाची बाजूही काही फार उजवी नाही. जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, वर्षानुवर्षं काढलेल्या सिस्टर एखाद्या बाळाजवळून जाता जाता थबकतात. "हे बाळ मला बरं दिसत नाही," म्हणतात. मॉनिटर अजून गप्प असतो. विद्यार्थिनी विचारते, "कशावरून?" उत्तर येतं, "बघून कळतं गं." झालं, पाठ संपला!

त्या 'बघून कळतं'मध्ये बरंच काही दडलेलं असतं. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच काही सेकंद थांबतो आणि मग भराभर होतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला, तर पुन्हा मोजायचा. श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, काल दूध ओढणारं बाळ आज कंटाळतंय का, हेही पाहायचं. शिकवणारीला आपली नजर अशी सुटी करून दाखवावी लागते. मग मुलीच्या हातात घड्याळ देऊन स्वतः मागे उभं राहावं लागतं. ज्यांचे हात सराईत आहेत, त्यांना हे मागे उभं राहणंच फार जड जातं.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासक. त्यांनी १९८४ मध्ये 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट' या पुस्तकात नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. निष्णात परिचारिका नियम आठवून काम करत नाही, समोरचं चित्र तिला एकदम दिसतं. नवशिकीला मात्र धरायला नियमच लागतात. म्हणून मला वाटतं, निष्णात असणं हीच शिकवण्यातली अडचणही ठरू शकते. उत्तम सिस्टर आपोआप उत्तम शिक्षिका होते, हा समज सोडायला हवा. अध्यापनही शिकावं लागतं.

मग वॉर्डातलं काम आणि अध्यापन, ही दोन्ही एका माणसात नांदणार कशी? अमेरिकेत याचं उत्तर ज्यांनी शोधलं, त्यांच्यात लोरेटा फोर्ड यांचं नाव मोठं. कोलोरॅडोत सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून काम केलेल्या या बाईंनी १९६५ मध्ये बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्याबरोबर कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तपासणी, निदान, उपचार यांत परिचारिकेने पुढे पाऊल टाकायचं, ही कल्पना तेव्हा डॉक्टरांना खटकली, आणि नर्सिंगच्या प्राध्यापकांनाही. पुढे १९७२ मध्ये त्या रोचेस्टर विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या पहिल्या डीन झाल्या. माझ्या मते तिथलं त्यांचं काम अधिक मोलाचं आहे, जरी त्याचा गाजावाजा कमी झाला. विद्यापीठाच्या रुग्णालयातला परिचर्या विभागही त्यांच्याचकडे होता. शिकवणं, रुग्णसेवा आणि संशोधन एकाच छताखाली, एकाच नेमणुकीत आणायचं, असा त्यांचा आग्रह. या रचनेला 'युनिफिकेशन मॉडेल' म्हणतात. शिक्षिकेने वॉर्डात जाणं तिच्या हौसेवर सोडलं नाही, ते तिच्या कामातच धरलं. २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी, त्या वारल्या.

आपल्याकडेही नमुना आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं, आणि तिथे नर्सिंगच्या शिक्षिकांचा रुग्णालयाच्या विभागांशीही कामाचा संबंध ठेवलेला आहे. अलीकडे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा अभ्यासक्रम आला, त्यात बराचसा अभ्यास आयसीयूत काम करतच होतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तिथेही आधी शिकवणाऱ्या मिडवाइफ तयार करण्यावर भर आहे. स्वतः बाळंतपणं करणारीनेच बाळंतपण शिकवावं, हे आपल्या आजीलाही पटलं असतं.

मात्र हे सगळं फुकट होत नाही. नियमाप्रमाणे १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हवा. त्या दहा मुली मागे घेऊन आयसीयूतले स्वतःचे रुग्ण सांभाळा, असं कुणी म्हणालं, तर नकार द्यावा. त्यात रुग्णाला धोका आहे. काही दिवस फक्त रुग्ण आणि काही दिवस मुली, अशी वाटणी चालते. किंवा दोघी-तिघींनी मॅडमच्याच रुग्णांवर काम करायचं, अर्थात रुग्णाला विचारून.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्या सिस्टरांना आणि ब्रदरांनाही माझं सांगणं असं. पाठ्यनिर्देशिकेची किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची जागा घेण्याआधी, वॉर्डात तुमचं नेमकं काम काय आणि तिथे तुमचा वरिष्ठ कोण, हे विचारून घ्या. कॉलेज आणि रुग्णालय वेगळ्या व्यवस्थापनांकडे असेल, तर रजा कोण मंजूर करणार हेही विचारा. भांडणं तिथूनच सुरू होतात. एम.एस्सी. जमत नसेल, तर अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू अशा विषयांत वर्षभराच्या पदविका आहेत. त्या करून वॉर्डातच राहता येतं, आणि नव्या मुलींना हाताशी धरून शिकवताही येतं. आणि वॉर्डातले तास नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी ठरलेले तास पहिल्या परीक्षेच्या धामधुमीतच गायब होतात.