पाणी पाहून पाय टाका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत बोलायची सवय नाही. पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमचे मामंजी आरमारात होते, त्यांच्याविषयी दोन शब्द सांगा," म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या लोणावळ्याला समुद्र नाही, तरी भुशी धरणावरून पुढे गेले की आय.एन.एस. शिवाजी आहे. जहाजांची इंजिने चालवण्याचे शिक्षण तिथे १९४५ सालापासून देतात. आपल्यातल्या कित्येक जणींच्या घरचे दूध तिथल्या वसाहतीत जात असे. मामंजी मावळातल्या भातखाचरातून उठून तिथेच शिकले, आणि १९७१ च्या लढाईत रणगाडे उतरवणाऱ्या जहाजावर गेले.

या जहाजाचे बूड सपाट असते. ते थेट किनाऱ्याच्या वाळूवर चढते. मग पुढचे तोंड उघडते, उतरण खाली पडते आणि रणगाडे, जवान बाहेर पडतात. 'घडियाल' आणि 'गुलदार' ही अशी दोन जहाजे आपण १९६६ मध्ये रशियाकडून घेतली होती. घडियाल म्हणजे सुसर, गुलदार म्हणजे बिबट्या. मामंजी त्यांतल्या एकावर इंजिनाच्या कामाला होते.

दर १६ डिसेंबरला शाळेतून बोलावणे येई. मामंजी जात नसत. मला राग यायचा. एवढा मान मिळतो आहे, तर घ्यावा की!

एका आषाढात आमचा थोरला बारा वर्षांचा होता. ओढ्याला पाणी आले होते, पण काठाशी घोट्याएवढेच. पोरगा चप्पल हातात घेऊन निघाला. मामंजींनी धावत जाऊन त्याला मागे ओढले आणि एक ठेवून दिली. नातवावर त्यांनी कधी हात उगारला नव्हता. रात्री चुलीपाशी बसून ते पहिल्यांदा बोलले.

पाकिस्तानी सैन्य ब्रह्मदेशात निसटू नये, म्हणून डिसेंबरच्या मध्याला कॉक्स बाजारजवळ गुरखा जवान उतरवायचे ठरले. कलकत्त्याहून 'विश्व विजय' या व्यापारी जहाजातून ते आले, आणि भर समुद्रात त्यांना या दोन जहाजांवर घेतले. जहाज वाळूला लागले. सर्वांना वाटले, किनारा आला. पण तो पाण्यातला वाळूचा उंचवटा होता. त्याच्या पलीकडे पुन्हा खोल पाणी. डोंगरातली ती पोरे, पाठीवर ओझे, अंगात बूट. उतरली आणि बुडू लागली. दोघे गेले. मग उतरणे थांबवले, आणि पुढे गावच्या होड्यांतून बाकीचे किनाऱ्याला लागले. तिथे शत्रू नव्हताच. मुक्तिवाहिनीची माणसे होती. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली.

मामंजी म्हणाले, "मी खाली इंजिनाशी होतो. मला काही दिसले नाही. थांबव म्हणाले, थांबवले. मागे घे म्हणाले, घेतले. वर आलो तेव्हा कळले. शाळेत काय सांगू? विजय झाला तो खराच. पण ती दोन पोरे गोळीने नाही गेली ग. पाणी कोणी मोजले नव्हते."

त्यानंतर मी त्यांना शाळेत जा म्हटले नाही.

भगिनींनो, मामंजींना जाऊन तीन वर्षे झाली. लढाईतले मला फार कळत नाही. पण पावसाळ्यात आपल्याकडे पाहुणे येतात, धबधब्यात उतरतात आणि दर वर्षी कोणाचे तरी लेकरू जाते. काठाशी पाणी उथळ दिसते, पुढे डोह असतो. हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. भजी, कणसे विकताना हात धरून सांगा, "बाळा, इथे उतरू नकोस." ऐकले नाही तर रागावा. आपल्या पोरांना काठीने ठाव घेतल्याशिवाय ओढ्यात पाय टाकू देऊ नका.

एवढे केले तर मामंजींचा सत्कार झाला, असे मी समजेन.