एक गाठोडं आणि बाराशे मुलं
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



'बिल्डर' म्हटलं की आपल्या सभेत कोणते शब्द निघतात, ते इथे सांगत नाही! कन्व्हेयन्ससाठी मारलेले हेलपाटे सगळ्यांना आठवत असतील. पण आज मला पुण्यातल्याच एका वेगळ्या बिल्डरविषयी बोलायचं आहे.

शांतिलाल मुथ्था मूळचे बीड जिल्ह्यातले. पुण्यात बांधकाम व्यवसायात त्यांनी जम बसवला आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षीच त्यातून निवृत्ती घेतली. १९८५ मध्ये त्यांनी भारतीय जैन संघटना स्थापन केली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा मी कोथरूडमध्येच भाड्याने राहत होतो. जुन्या कपड्यांचं एक गाठोडं दिलं आणि महिन्याभरात विसरून गेलो. मुथ्थांनी मात्र भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला आणली. वाघोलीला त्यांच्या राहण्याची, शिक्षणाची सोय केली. गाठोडं बांधायला मला एक संध्याकाळ पुरली होती. मुलं शिकवायला वर्षं लागतात.

म्हणून एक विनंती. या समारंभाच्या वर्गणीतून जी रक्कम उरेल, ती आणखी लायटिंगवर घालू नये. आपल्या वॉचमनची दोन मुलं शाळेत जातात. त्यांची फी आणि वह्या-पुस्तकं बारावीपर्यंत आपण सगळ्यांनी मिळून उचलावीत. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. माझी पहिल्या वर्षाची रक्कम आजच खजिनदारांकडे दिली आहे. दुसऱ्या वर्षी मी विसरलो, तर हक्काने बेल वाजवा.