देणे लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. जमाखर्चाविषयी मात्र बोलू शकतो. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना गावोगावी नेण्यासाठी आपण वाहन व भोजनाचा खर्च सोसतो. त्या रकमेसमोर जमेच्या बाजूला काय दाखवावे, असा प्रश्न गतवर्षी एका विश्वस्तांनी विचारला होता. त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

समाजात राहून आरोग्य शिकण्याचा विचार नवा नाही. 1946 च्या भोर समितीच्या अहवालाने वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, असे सुचविले होते. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. तेथील प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी पंधरवडाभर गावात मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांशी पुढेही संबंध ठेवतात. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात तर गावच्या आरोग्यसेविकाच देशोदेशीच्या प्रशिक्षणार्थींच्या शिक्षिका झाल्या. 2022 पासून कुटुंब दत्तक उपक्रम देशाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमातच आला आहे.

आमच्या हातून मात्र प्रारंभी एक चूक घडली. विद्यार्थी पाहणीचे तक्ते भरून नेत आणि गावाला ते पुन्हा दिसत नसत. एका आजींनी मला सुनावले, "साहेब, पोरं येत्यात, पाणी कुठलं पिता, संडास हाय का, समदं इचारत्यात. काय कळालं ते सांगाया मातुर कुणी येत न्हाई." मी निरुत्तर झालो. आम्ही केवळ येणे लिहीत होतो. देण्याची बाजू कोरीच होती.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. पाहणीचे निष्कर्ष आता प्रथम गावासमोर वाचले जातात, आणि विद्यार्थी त्याच घरी पुन्हा जातात. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडणारे रुग्ण निष्काळजी आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज होता. ओसरीवर बसून बोलणे झाल्यावर खरे कारण कळले. आपला बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि तीच मजुरीवर जाण्याची वेळ. गोळ्या आणायच्या तर दिवसाचा रोज बुडतो. दोष रुग्णांचा नव्हता, आपल्या वेळापत्रकाचा होता. आता आठवड्यातून एक सायंकाळ आपण या रुग्णांसाठी राखून ठेवली आहे.

विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच, की विद्यार्थ्यांनी पाहिले नसते तर ही चूक आपल्याला दिसली नसती. म्हणून हा खर्च एका वर्षापुरता मंजूर न करता सलग तीन वर्षांसाठी करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. एकदाच दिलेल्या भेटीतून तक्ता भरतो, विश्वास बसत नाही.