गाळातले देणे



नदीने आणलेली घाण समुद्राने पोटात घालावी, ही समजूत फार जुनी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराने ती खोटी ठरविली. सुमारे 320 किलोमीटर लांबीच्या या नदीमुखात सहा राज्यांचे पाणी उतरते; त्याबरोबर शहरांच्या मैल्यातले आणि शेतांतले स्फुरदही उतरते.

स्फुरदाने शेवाळ माजते. ते मेले की तळाशी कुजते आणि पाण्यातील प्राणवायू संपविते. उन्हाळ्यात खोल पाण्याचा मोठा पट्टा असा निष्प्राण होतो. मासे-खेकडे पळ काढतात. जागचे हलू न शकणारे जीव गुदमरतात.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. तळच्या गाळातील लोहाच्या गंजाला स्फुरद चिकटून असते. प्राणवायू आहे तोवर ते तेथे बंदिस्त राहते. तो संपला की गाठ सुटते. खाऱ्या पाण्यातील सल्फेटापासून बनलेले सल्फाइड लोहाला अडकवून ठेवते आणि मोकळे झालेले स्फुरद पुन्हा वर येते. नव्या शेवाळाला जुने खाद्य मिळते. आज घाण थांबविली, तरी काल टाकलेली आपला हिशेब मागतच राहते.

म्हणून हात टेकावेत काय? मुळीच नाही. फॉस्फेट असलेल्या धुण्याच्या पावडरींवर मेरीलँडने 1985 मध्ये व व्हर्जिनियाने 1988 मध्ये बंदी आणली आणि सांडपाण्यातील स्फुरद घटले. शेतीचा प्रश्न मात्र बिकट ठरला, कारण तेथे मालकीचा प्रश्न आडवा आला.

डेलमार्व्हा द्वीपकल्पावरील कंत्राटी कुक्कुटपालन पाहावे. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे. शेड शेतकऱ्याची, तिच्यावरील कर्ज शेतकऱ्याचे आणि विष्ठाही शेतकऱ्याचीच! पिकाची नत्राची गरज पाहून हे खत घातले की स्फुरद गरजेहून अधिक पडते आणि वर्षानुवर्षे जमिनीत साचते. मेरीलँडने 2015 मध्ये त्याविषयी कडक नियम केले. परंतु नफ्याचा धनी एक आणि घाणीचा धनी दुसरा, अशी वाटणी कायम ठेवून केवळ शेतकऱ्याला धाक घातल्याने पाणी शुद्ध होणार नाही.

केंद्र सरकारने 2010 मध्ये प्रदूषणाच्या मर्यादा ठरवून 2025 ची मुदत घातली. मुदत उलटली, उद्दिष्टे पुरी झाली नाहीत.

पाण्यासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्याने यातून दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. गाळातले देणे फिटायला वर्षे लागतात, म्हणून धीर सोडू नये. आणि ते देणे कोणाच्या नावावर मांडले आहे, हे तपासल्यावाचून कोणताही हिशेब मान्य करू नये.